मलमाचा गुन्हा, आणि आमचा

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात गेल्या महिन्यात 'स्टेरॉइडमुक्त त्वचा' या विषयावर व्याख्यान झालं. वक्ते बोलायला तरबेज, आवाज चांगला, दाखले घरगुती. तासाभराच्या बोलण्याचा अर्क तीन वाक्यांत मावतो. इसबावर स्टेरॉइडचं मलम लावलं की कातडी कागदासारखी पातळ होते आणि पुन्हा कधी भरत नाही. मलमानं इसब जात नाही, आत दबतो, आणि पुढं दमा होऊन बाहेर पडतो. तेव्हा घरी गेल्या गेल्या ट्यूब कचऱ्यात टाका, बाहेर येतंय ते येऊ द्या. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, आमच्या संघात सगळ्यांसाठीच वाजवतात.

माझी सून मागच्या रांगेत होती, मांडीवर नात. नात चार वर्षांची, कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या लवणीत तान्हेपणापासूनचा इसब. सुनेनं त्याच रात्री ट्यूब टाकून दिली. मला बोलली नाही, कारण घरात मलमाची बाजू घेणारा मी एकटा. नवव्या दिवशी सकाळी पोरीच्या उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे बारीक ठिपके होते, उजव्या कोपराच्या लवणीत मधासारखी पिवळी खपली धरली होती आणि ती हात सरळ करेना. खाजवून फुटलेल्या जागी जंतू शिरले होते. डॉक्टरांनी पाच दिवसांचं अँटिबायोटिक दिलं आणि टाकून दिलेलीच ट्यूब पुन्हा लिहून दिली.

म्हणून हे लिहायला बसलो. मी डॉक्टर नव्हे. कराडच्या बाजूला एका बाजारपेठेच्या गावात 31 वर्षं औषधांचं दुकान चालवलं, आता मुलगा बसतो. अशा ट्यूबा किती विकल्या याची मोजदाद नाही. त्यामुळे वक्त्यांना उत्तर देताना मला एक सोय आहे आणि एक अडचण. ट्यूब काय करते ते मी काउंटरवरून वर्षानुवर्षं पाहिलंय, ही सोय. वक्ते जिथं बरोबर आहेत तिथं आरोपी मी आहे, ही अडचण.

तर आधी ते बरोबर आहेत तो भाग.

आमच्याकडे एक गवंडी यायचा. ओल्या सिमेंटमधल्या क्रोमियमनं हातांना इसब होतो, गवंड्यांचा हा जुना आजार. पहिल्यांदा चिठ्ठी घेऊन आला तेव्हा तिच्यावर क्लोबेटासॉल होतं, लावायच्या स्टेरॉइडांतलं सगळ्यात जहाल. चार दिवसांत हात साफ झाले. पुढच्या वेळी चिठ्ठी नव्हती. खिशातून पिळून पिळून गुंडाळी झालेली ट्यूब काढली, काउंटरवर ठेवली, म्हणाला, "शेठ, हीच द्या." मी दिली. अशी सहा वर्षं दिली. एकदा पैसे मोजताना त्याच्या हातांकडे नीट लक्ष गेलं. मनगटाच्या वरची कातडी चकाकत होती, विड्यांच्या बंडलावरच्या पातळ कागदासारखी बारीक सुरकुतलेली, आणि खालच्या निळ्या शिरा एकेक मोजता आल्या असत्या. दंडापर्यंत जांभळे डाग. विचारलं, मार लागला का? "पोतं घासलं तरी उठतात." घड्याळ दाखवायला त्यानं पट्टा सोडला, तेव्हा पट्ट्याबरोबर बोटभर साल निघून आली. रक्त फारसं नाही. त्यालाही काही वाटलं नाही, सवयीचं झालं होतं.

यामागचं कारण सरळ आहे. कातडीच्या वरच्या थरात पेशी सतत नव्या तयार होतात. स्टेरॉइड त्यांचा वेग कमी करतं. खालच्या थरात कोलॅजन नावाचे दोर विणले जातात, कातडीला ताण सोसायचं बळ त्यांच्यामुळे. स्टेरॉइड हे विणकामही मंदावतं. लहान रक्तवाहिन्यांभोवतीचा आधार गेला की त्या उघड्या पडतात, धक्क्यानं फुटतात. जांघेत, काखेत, मांडीच्या आतल्या बाजूला हेच मलम महिनोन्‌महिने गेलं तर बाळंतपणात पोटावर पडतात तशा रेषा उमटतात. चेहऱ्यावर लाल जाळी, मुरमं, लव. डोळ्याच्या पापणीवर वर्षानुवर्षं लावलं तर काचबिंदू आणि मोतीबिंदूपर्यंत मजल जाऊ शकते. इसबाची कातडी मुळातच गळकी असते, बाहेरचं आत येऊ देते आणि आतलं पाणी बाहेर सोडते. लांबलेल्या स्टेरॉइडनं तिच्यातला तेलकट लेप आणखी उणा पडतो. म्हणजे दुरुस्तीसाठी जो गवंडी बोलावला त्यानंच भिंत पोखरली, असं होऊ शकतं. वक्त्यांनी हे सांगितलं ते खोटं नव्हतं.

खोटं सुरू होतं ते 'पुन्हा कधी भरत नाही' या शब्दांपासून. वरच्या थराचं पातळपण मलम थांबवल्यावर काही आठवड्यांत, काही महिन्यांत बरंचसं भरून येतं. रेषा मात्र फिकट होतात, जात नाहीत. दोन्हींना एकाच वाक्यात कोंबलं की ऐकणाऱ्याला वाटतं, एकदा लावलं आणि जन्माचं वाटोळं झालं.

आणि 'मलम' म्हणजे कोणतं? व्याख्यानभर हा शब्द एकवचनी होता. 1952 साली सुल्झबर्गर आणि विटेन या दोघांनी कातडीवर पहिल्यांदा यशस्वीपणे वापरलं ते हायड्रोकॉर्टिसोन, आपलंच शरीर रोज तयार करतं तो रेणू. तिथून क्लोबेटासॉलपर्यंत जोर शेकडो पटींनी वाढत गेला. अमेरिकेत या मलमांच्या सात पायऱ्या मानतात, ब्रिटनमध्ये चार. आपल्या ट्यूबवर ठळकपणे छापलेली असते ती टक्केवारी, आणि तिथंच गिऱ्हाईक फसतं. हायड्रोकॉर्टिसोन 1 टक्का, क्लोबेटासॉल 0.05 टक्के. माझ्या दुकानात शिकलेसवरलेले लोक सांगायचे, "बाळासाठी आहे, तो एक टक्क्यावाला कडक नको, पॉइंट शून्य पाचवाला हलका द्या." विसाव्या हिश्शाचं म्हणून ते वाघ घरी घेऊन जायचे. किती जणांना मी थांबवून सांगितलं? सकाळच्या गर्दीत एकालाही नाही.

जागेचंही तसंच. फेल्डमन आणि मायबाख यांनी 1967 साली मोजून दाखवलं की हाताच्या आतल्या बाजूनं जितकं हायड्रोकॉर्टिसोन शरीरात शिरतं त्याच्या सहापट कपाळातून, तेरापट जबड्याच्या कातडीतून आणि बेचाळीसपट वृषणाच्या कातडीतून शिरतं. तळपायातून सातवा हिस्साच. जे मलम टाचेवर महिनाभर चालेल तेच पापणीवर चार दिवसही जास्त. यातलं काही न सांगता 'स्टेरॉइड वाईट' म्हणणं म्हणजे चिमूटभर मीठ आणि मूठभर मीठ सारखंच खारट म्हणण्यासारखं.

बरं, नीट वापरलं तर किती जणांची कातडी पातळ होते? वक्त्यांनी आकडा दिला नाही. मी देतो, त्याची कमजोरीही सांगतो. 2022 साली कोक्रेन या संस्थेनं इसबावरच्या स्टेरॉइडांच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या. कातडीच्या पातळपणाची नोंद ठेवणाऱ्या 22 चाचण्यांत 2266 रुग्ण होते. पातळपणा सापडला 26 जणांत, आणि त्यांतले 16 सगळ्यात जहाल गटातलं मलम वापरणारे. कमजोरी ही की यांतल्या बहुतेक चाचण्या काही आठवड्यांच्या होत्या, माझ्या गवंड्याच्या सहा वर्षांबद्दल त्या काहीच बोलत नाहीत. लांब पल्ल्याचा पुरावा हवा तर 2015 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे: 2418 तान्ही मुलं, पाच वर्षं देखरेख, साधारण निम्म्यांना गरज पडेल तेव्हा सौम्य किंवा मध्यम स्टेरॉइड. त्या गटात कातडी विरळ झाल्याची नोंद एक. एका मुलाची, तीही किरकोळ. सौम्य मलम, डॉक्टरांची नजर आणि गरजेपुरता वापर अशा तीन अटी पाळल्यावरचा हा आकडा आहे. अटी मोडा, मग तो गवंडी.

आता 'आत दबतो'. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. आजी म्हणायची, अंगातली उष्णता आहे, येऊ दे बाहेर. आजीला दोष नाही. खपली धरलेलं पाहिलं की आतून काही उकळून येतंय असंच वाटतं. पण वक्ते आजी नव्हते, त्यांनी याला शास्त्राचा आधार दिला. तो आधार बहुतेक होमिओपॅथीचे जनक हानेमान यांचा. 1828 साली त्यांनी जुनाट रोगांवरच्या ग्रंथात मांडलं की खाज वरून औषध लावून दाबली तर रोग आत शिरतो आणि दमा, फिट, वेड अशा रूपांनी परततो. त्या काळी 'खाज' या एका नावाखाली नाना आजार एकत्र बांधलेले होते आणि त्यातलं मोठं गाठोडं खरजेचं. सहाच वर्षांनी, 1834 मध्ये, पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात रेनुची नावाच्या विद्यार्थ्यानं खरजेचा किडा सुईच्या टोकावर काढून सगळ्यांसमोर धरला. तो आत दबलेला नव्हता, बोटांच्या बेचक्यात बीळ करून बसला होता.

इसबाच्या मुलांना पुढं दमा होतो, हे मात्र खरं. ज्यांचा इसब तीव्र त्यांना जास्त होतो. आता जरा क्रम बघा. तीव्र इसबाच्या मुलालाच मलम जास्त लागणार आणि त्यालाच दमा जास्त होणार. मलम आणि दमा हे दोघं एकाच घरी वारंवार दिसले म्हणून एक दुसऱ्याचा बाप ठरत नाही. 2006 साली स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी फिलाग्रिन या कातडीतल्या प्रथिनाच्या जनुकातला बिघाड इसबाशी जोडून दाखवला. तोच बिघाड असलेल्या इसबाच्या मुलांत दम्याचंही प्रमाण जास्त निघालं. कातडीची भिंत फुटकी, त्या फटीतून धूळ, अन्नाचे कण आत जातात आणि शरीर त्यांना शत्रू मानायला शिकतं. आत काही जात असेल तर ते उघड्या इसबातून जातं.

हे पारखून बघायचं तर फट लवकर बुजवून बघायला हवी. जपानमध्ये ते केलं. 2023 साली छापून आलेल्या चाचणीत सात ते तेरा आठवड्यांच्या इसब असलेल्या सुमारे साडेसहाशे बाळांपैकी निम्म्यांना डाग दिसो न दिसो, ठरवून स्टेरॉइड लावलं. उरलेल्यांना नेहमीसारखं, दिसेल तिथं. 28 आठवड्यांच्या वयात अंड्याची अ‍ॅलर्जी पहिल्या गटात 31.4 टक्के, दुसऱ्यात 41.9. दाबलेल्या इसबानं अ‍ॅलर्जी वाढायला हवी होती, ती घटली. वक्त्यांनी हा अभ्यास वाचला असता तर त्यांच्या हाती त्यातलंच एक हत्यार लागलं असतं: पहिल्या गटातल्या बाळांचं वजन सरासरी 422 ग्रॅमनं कमी भरलं. चार-पाच महिने अंगभर स्टेरॉइड फुकट पडत नाही. म्हणून ही पद्धत तशीच्या तशी घरोघरी न्यावी असं ते संशोधकही म्हणत नाहीत.

पांढऱ्या डागांचं थोडक्यात सांगतो, कारण आपल्या सावळ्या कातडीला ही भीती सगळ्यात मोठी. इसब ओसरला की जागा फिकी दिसते, आई घाबरते, मलमानं कोड उठलं म्हणते. बहुतेक वेळा तो फिकेपणा इसबाचाच मागे राहिलेला ठसा असतो आणि काही महिन्यांत रंग परततो. जहाल मलमानंही रंग उतरतो हे खरं, पण नातीच्या ट्यूबमध्ये तो जोर नाही.

तिसरं वाक्य, 'आज बंद करा', हे तिन्हींत सगळ्यात घातक. गंमत अशी की त्यासाठी वक्त्यांनी आधार घेतला मलम सोडल्यावर होणाऱ्या त्रासाचा. तो त्रास आहे. ज्यांनी जहाल मलम महिनोन्‌महिने, बऱ्याचदा चेहऱ्यावर लावलंय, त्यांनी ते सोडलं की काही दिवसांत कातडी भाजल्यासारखी लाल होते, आग होते, मूळ इसब जिथं नव्हता तिथंही पसरते. क्लिगमन आणि फ्रॉश यांनी 1979 सालीच याला स्टेरॉइडचं व्यसन म्हटलं होतं. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी 2021 मध्ये त्याचा अधिकृत इशारा दिला. आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी तर चेहऱ्याच्या या अवस्थेला स्वतंत्र नाव दिलं. देशातल्या 12 केंद्रांवर 2926 रुग्ण तपासून 2011 साली त्यांनी दाखवलं की चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्यांपैकी 433 जण असं मलम फासत होते. इथं मला डॉक्टरांशीही भांडायचंय. सोडल्यावर आग होते असं सांगणाऱ्या बाईला "तुमचा इसबच आहे, मनाचे खेळ" म्हणून परत पाठवलं की ती थेट या वक्त्यांच्या पहिल्या रांगेत जाऊन बसते.

पण ज्याला हा धोका आहे त्यालाच 'आज रात्री टाकून द्या' सांगायचं? अंगाच्या मोठ्या भागावर जहाल मलम लावणाऱ्याच्या शरीरानं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असू शकतं. त्यानं ते एकाएकी, कुणाच्या देखरेखीशिवाय बंद केलं तर प्रकरण कातडीपुरतं राहत नाही. आणि माझ्या नातीसारखं सौम्य मलम आठवडाभर लावून थांबवणाऱ्या मुलीला तो धोकाच नाही, तिला उगाच घाबरवलं. एकच सल्ला, दोघांनाही चुकीचा.

ट्यूब टाकून माणूस जातो कुठं, तेही पाहा. खाज काही व्याख्यान ऐकून थांबत नाही. तो शोधतो 'साइड इफेक्ट नसलेलं' डबीतलं मलम, नाव वनस्पतीचं, आतला मजकूर कुठंच नाही. 1999 साली लंडनच्या डॉक्टरांनी इसबाच्या रुग्णांना मिळालेली 11 चिनी वनौषधी मलमं तपासली. आठांत डेक्सामेथासोन निघालं. ते स्टेरॉइडच. एक डबी बाळाच्या गालावर चालली होती की मांडीवर, किती दिवस, याचा हिशोब कोण ठेवणार? ट्यूबवर निदान नाव तरी असतं.

आता आमचा गुन्हा. गल्ल्यावरचा माणूस यात सामील नाही असं म्हणणं हा कांगावा होईल. आम्हाला दहावर दोन फ्री अशा स्कीम यायच्या, आणि त्या सगळ्यात जास्त यायच्या 'तीन-चार-पाच औषधं एकत्र' अशा क्रीमवर: एक स्टेरॉइड, एक बुरशीचं, एक-दोन जंतूंची. ऊसतोडीच्या हंगामात जांघेत गजकर्ण घेऊन येणारा, हाताला इसब झालेली, पायाला चिखल्या झालेला, सगळ्यांना तीच. खाज दोन दिवसांत बसायची, गिऱ्हाईक खूश. स्टेरॉइडखाली गजकर्णाची बुरशी मात्र मजेत वाढायची, आणि वेडीवाकडी पसरलेली ती पुढं कुणाला इसबासारखी दिसायची. मग आणखी स्टेरॉइड. सरकारनं मार्च 2018 मध्ये 14 लावायची स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. त्याआधी बाहेरून लावायच्या औषधांच्या सवलतीत ती बिनदिक्कत निसटत होती. सप्टेंबरमध्ये 328 मिश्र औषधांवर बंदी आली, त्यांत यांतल्या काही क्रीमही गेल्या. आदेश आला त्या दिवशी दुकानातला एक कप्पा रिकामा केला. इतकी वर्षं तो कप्पा मी गल्ल्याच्या सगळ्यात जवळ ठेवला होता, हात लांब करायला लागू नये म्हणून.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही काय असायचं? 'एलए बीडी'. लावायचं, दोन वेळा. कुठं, किती, कधीपर्यंत, कोरं. मला त्या 31 वर्षांत 'सात दिवसांनी थांबवा' असं लिहिलेल्या चिठ्ठ्या आठवाव्या लागतील. मग एक माणूस ट्यूब सहा वर्षं लावतो आणि दुसरा इतका घाबरत लावतो की इसब कधी बसतच नाही आणि मलम कधी सुटतच नाही. 2000 साली ब्रिटनमध्ये इसबाच्या 200 रुग्णांना किंवा त्यांच्या पालकांना विचारलं तर 72.5 टक्क्यांना या मलमांची धास्ती होती आणि 24 टक्क्यांनी धास्तीपायी सांगितल्याप्रमाणे लावलं नाही अशी कबुली दिली. तिथं तर डॉक्टर वेळ देतात म्हणतात.

सुनेला मी व्याख्यान दिलं नाही. जेवणाच्या टेबलावर ट्यूब ठेवली, तिला तर्जनी पुढं करायला सांगितलं आणि टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ पिळली. हे अर्धा ग्रॅम. मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या कातडीला पुरतं. तिनं आजवर घेतलं होतं ते डाळीच्या दाण्याएवढं, आणि चारही लवणींना तेवढंच. म्हणजे पोरीला औषध पोचतच नव्हतं, भीती मात्र पुरेपूर पोचत होती. डॉक्टरांना फोन लावून विचारलं: रात्री एकदाच, कातडी हाताला सपाट लागेपर्यंत, मग पुन्हा पुन्हा उठणाऱ्या जागी आठवड्यातून दोन दिवस, साधं ओलावा धरणारं मलम मात्र रोज, भरपूर. सुनेनं बॉलपेननं खोक्यावर लिहिलं, 'कोपर, गुडघे. तोंडाला नाही.' आणि खाली तारीख.

काल संध्याकाळी मुलाला जेवायला पाठवून तासभर दुकानात बसलो. एक तरुण आला, मोटरसायकल चालूच ठेवून. मोबाइलवर ट्यूबचा फोटो दाखवला. क्लोबेटासॉल. चिठ्ठी मागितली. "अहो काका, नेहमीची आहे." कुठं लावता, विचारलं. त्यानं मानेकडे बोट केलं, मग जबड्याकडे. म्हटलं, ती इथं नको, दवाखान्यात दाखवा, मी नंबर देतो. तो माझ्याकडे बघत राहिला, मग फोन खिशात टाकला आणि रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेला. दोन मिनिटांत बाहेर आला. हातात पांढरी पिशवी होती.